हंसवाली गार लागेना

१

"ही आपली नाही," मावशी म्हणाल्या.

एवढंच बोलल्या, तेही हळूच. पण जेवणाच्या टेबलाभोवती उभ्या असलेल्या चौघांचे हात जागच्या जागी थांबले. टेबलावर रद्दी कागद, पुठ्ठ्याची खोकी आणि चिकटपट्टीची रिळं यांचा नुसता बाजार मांडला होता, आणि त्याच्या मधोमध चिनी मातीच्या बारा पुतळ्या ओळीनं उभ्या होत्या. म्हणजे अकरा. बारावी मावशींच्या हातात होती. हंसवाली! पंजाएवढी पोरगी, काखेत हंस दाबून पळत सुटलेली, एक चप्पल पायात आणि एक मागे राहिलेली.

"आपली नाही म्हणजे काय?" भाचीनं विचारलं.

"गार लागत नाही. आपली हंसवाली हातात घेतली की गार लागते, भर उन्हाळ्यातसुद्धा. ही बघा, काही नाही. नुसतीच आहे."

भिंगबाईंनी हात पुढे केला.

आता भिंगबाई कोण, ते आधी सांगायला हवं. जुन्या शोभेच्या वस्तूंची पारख करून त्यांची किंमत ठरवून द्यायची, हा त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा. गळ्यात काळ्या दोरीला लटकणारं भिंग असायचं, म्हणून सगळे त्यांना भिंगबाई म्हणायचे. त्यांनी एखादी वस्तू अस्सल म्हटली की दुकानदार पुढे प्रश्न विचारत नसत. धंद्यात त्यांच्याकडे भांडवल म्हणाल तर तेवढंच, स्वतःचा शब्द.

या घरची म्हातारी दीड महिन्यापूर्वी वारली. मूलबाळ नव्हतं. एक भाचा, एक भाची, आणि अठरा वर्षं घर सांभाळणाऱ्या या मावशी. मृत्युपत्रात लिहिलं होतं, की बारा पुतळ्यांपैकी कोणतीही एक मावशींनी आपल्या हातानं निवडून घ्यावी, बाकीच्या विकून भाचरांनी वाटून घ्यावं. सोमवारी भिंगबाईंनी सगळ्या तपासून यादी केली. त्याच संध्याकाळी त्यांनी विचारलं, "मावशी, तुम्ही कुठली घेणार?" आणि मावशींनी क्षणभरही न थांबता सगळ्यांदेखत सांगितलं, "हंसवाली." नेमकी तीच सगळ्यांत मौल्यवान निघाली होती. खोलीतल्यांची तोंडं तेव्हा बघण्यासारखी झाली होती.

आणि आज गुरुवार. पुतळ्या विकत घेणारा दुकानदार खोकी बांधायला आधीच आला होता, आणि पाच वाजता त्याची गाडी यायची होती.

भिंगबाईंनी पुतळी हातात घेतली. कोमट. नखानं टिचकी मारली तर आवाज बद्द. खालची बाजू अंगठ्यानं चाचपली, तर तिथं तांदळाएवढी एक फोड लागली. साच्याचा दोष असेल, असं म्हणून त्यांनी ती सोडून दिली. पण नक्कल होती, यात शंकाच नव्हती. लाज वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. अर्ध्या तासापूर्वी त्यांनीच यादी धरून "बारा, बरोबर" म्हटलं होतं. नुसतं लांबून बघून! एकही उचलली नव्हती.

दुकानदारानं त्यांच्या हातातून पुतळी घेतली आणि पहिल्यांदा उलटी केली. "अरेच्चा, भोकच नाही हिला."

"कसलं भोक?" भाची म्हणाली. "रंग तर तंतोतंत आहे."

"आतून पोकळ असतात हो या. भट्टीत फुटू नयेत म्हणून तळाला हवेचं भोक ठेवतात. हे तर भरीव काम आहे." त्यानं पुतळी खाली ठेवली, हात झटकले आणि भिंगबाईंकडे बघून गोड हसला. "काय आहे बाई, एक तर सोमवारनंतर कुणीतरी अदलाबदल केलीय. नाहीतर सोमवारीही हीच होती."

"पाच वाजेपर्यंत खरी समोर आली नाही तर मी पोलिसांना बोलावणार," भाची म्हणाली. "आणि सगळ्यात आधी मावशींची खोली उघडायची."

मावशींच्या हातातला पुसायचा कपडा खाली पडला. तो उचलायलाही त्या वाकल्या नाहीत.

२

भिंगबाईंना एका जागी बसवेना. बाल्कनीत गेल्या, परत आल्या, घड्याळ बघितलं. दोन वाजून दहा मिनिटं. पुन्हा बाल्कनी.

त्यांना एक गोष्ट माहीत होती जी त्या खोलीत दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. सहा महिने झाले, डॉक्टर ऑपरेशनची तारीख देत होता आणि त्या टाळत होत्या. पारख करणारीचे डोळे गेले, ही बातमी एकदा बाजारात फुटली की मग कोण दारात उभं करतंय? दिवे लावून, वस्तू खिडकीशी नेऊन, चालवून घ्यायचं चाललं होतं.

मग सोमवारी? सोमवारी खरंच चुकलं असेल का? तसं असेल तर अख्खी यादी कचऱ्यात, चाळीस वर्षं कचऱ्यात. आणि चुकलं नसेल, तर ते सिद्ध कशानं करायचं? नाहीच झालं तर पाच वाजता ती बिचारी बाई चोर ठरणार. मनात एक हलकट विचार येऊन गेला, की गप्प बसलं तर आपली अब्रू तरी वाचेल. त्यांनी स्वतःलाच एक शिवी हासडली आणि स्वयंपाकघरात शिरल्या.

भाचा कांदा चिरत होता. जहाजावरचा आचारी, घरात काहीही होवो, याला चौघांना पुरेल एवढं रांधल्याशिवाय चैन पडत नसे.

"तुम्ही कधी आलात इथं?"

"आत्या गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी. ती पडल्याची बातमी कळली तेव्हा जहाज भर समुद्रात. पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं." त्यानं नाक वर ओढलं. "कांदा आहे हो."

"तेव्हापासून इथंच राहता?"

"इथंच. म्हणजे सोमवार ते आज, कपाट उघडायला मला कुणी अडवलं नसतं, हेच ना? लिहून घ्या. पण मला त्या पुतळ्या लहानपणापासून आवडत नाहीत. रात्री पाणी प्यायला उठलं की बाराच्या बारा टक लावून बघतायत! मावशींनी सगळ्याच नेल्या असत्या तरी मी टाळ्या वाजवल्या असत्या."

"आणि ताई?"

त्याची सुरी थांबली. "ताईचं वेगळं. ती आत्याकडेच वाढली, मी वसतिगृहात. तापात पडली की आत्या हंसवाली तिच्या उशाशी ठेवायची. हात लावायचा नाही, नुसतं बघायचं." मग एकदम सुरी खाली ठेवून म्हणाला, "ओ, पण ताईवर जाऊ नका हं. आत्या दवाखान्यात होती तेव्हा तिनं एकटीनं सगळं निभावलंय."

दुकानदार दिवाणखान्यात खोकी मोजत होता. त्याला विचारलं तर त्यानं कानांवर हात ठेवले. "मंगळवारी पहिल्यांदा या घरात पाऊल टाकलं. काल परत आलो, दहाएक मिनिटं कपाटापाशी एकटा होतो, तेही खरं. माझ्या दुकानामागे दुरुस्तीची खोली आहे, तिथं तुटलेले हात-पाय बसवतो आम्ही, हेही तुम्हाला माहीत आहे. पण बाई, सोमवारी दुपारभर दार लावून एकट्या तुम्हीच बसला होतात त्यांच्याबरोबर."

"माझ्या यादीत वजन आहे. उंची आहे. आजची ही भरीव पुतळी त्यापेक्षा कितीतरी जड आहे."

"यादी कुणाच्या अक्षरातली?" त्यानं विचारलं, आणि पुन्हा खोकी मोजायला लागला.

भिंगबाईंनी यादी घडी करून ठेवली. आता दोनच वाटा उरल्या होत्या. एक तर त्या आंधळ्या, नाहीतर चोर.

३

भाची आत्याच्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसली होती. शेजारी खुर्चीवर कापडी पिशवी होती, दवाखान्याचा शिक्का असलेली. गाठ मारलेली.

"काय आहे हे?"

"आत्याचे दवाखान्यातले कपडे. मावशींना उघडवत नाही, म्हणून आल्यापासून अशीच पडली होती. आज मी घेऊन जाणार आहे." तिनं पिशवी मांडीवर ओढून घेतली. "तुम्ही मला काय विचारणार?"

"मावशींवर संशय का?"

"दुसरं कोण? दिवसरात्र घरात त्या, कपाटाची झाडपूस त्यांची."

"पण पुतळी त्यांना मिळणारच होती. स्वतःचीच वस्तू कोण चोरतं?"

भाची गडबडली, पण क्षणभरच. "मग नक्कल दाखवून रडायचं, आमच्याकडून भरपाई घ्यायची. आहे की नाही?" बोलता बोलता ती भिंगबाईंच्या तोंडाकडे बघत होती. मग न राहवून म्हणालीच, "वरचा डावा दात बसवून घेतलाय ना तुम्ही? एक छटा पिवळा पडलाय. बदलून घ्या."

भिंगबाईंनी नकळत ओठ मिटले. त्यांनी रोज आरशात बघूनही ते त्यांना कधी दिसलं नव्हतं.

"आत्या आजारी असताना तुम्ही इथं येत होता?"

"छे. ती पडली त्या दिवसापासून गेली त्या दिवसापर्यंत या घरात मी पाऊल टाकलं नाही. माझा दवाखाना आणि तिचा, बस्स. नऊ दिवस." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "आयसीयूत एकालाच सोडायचे. मी डॉक्टर म्हणून मला सोडायचे. मावशी बाहेर बाकावर."

भिंगबाई उठल्या. दाराशी आल्यावर मागे वळून बघितलं, तर भाचीनं पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. जुने कपडे असे कुणी धरत नाही, असं त्यांच्या मनात आलं. पण नुसतं मनात येऊन काय उपयोग? सव्वातीन वाजले होते.

४

मावशी न्हाणीघराबाहेरच्या ओट्यावर बसल्या होत्या. डोळे कोरडे. रागानं कोरडे, हे भिंगबाईंना जवळ गेल्यावर कळलं.

"घ्या, खोली उघडा माझी. दोन लुगडी आणि एक रेडिओ आहे."

"मला खोली नको. या पुतळ्या तुम्ही धुता कशा, ते दाखवा."

"आत्ता?"

"आत्ताच्या आत्ता."

मावशींनी एकदा त्यांच्याकडे निरखून बघितलं, मग कमरेला पदर खोचला. काम म्हटलं की त्या बाईचा राग हातांत उतरायचा. प्लास्टिकचा टब, त्यात तळाला जुना पंचा, कोमट पाणी, दाढीचा मऊ ब्रश. "दर महिन्याच्या एक तारखेला. सगळ्या टेबलावर टॉवेल पसरून मांडायच्या. आणि पाण्यात घालायच्या आधी हे." त्यांनी खिडकीतून मेणबत्तीचा तुकडा घेतला, चिमूटभर मेण बोटांत मळून गोळी केली. "खालच्या भोकाला बूच. नाहीतर पाणी आत जातं, आणि मग आठ दिवस आत डुचमळत राहतं. एकदा एकीच्या आतून वास यायला लागला होता, तेव्हा बाईसाहेबांनीच ही युक्ती काढली. धुऊन झालं की लगेच बूच काढायचं. तासाभराचं काम."

"एवढा वेळ तुम्ही समोरच?"

"मग! हलते की काय मी! बारा जणी पाण्यात आणि मी कुठं फिरायला जाऊ?"

"दर महिन्याला लगेच काढलं? एकदाही राहिलं नाही?"

मावशी थांबल्या. ब्रशवरचं पाणी टपटप खाली गळत राहिलं.

"एकदा राहिलं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी एक तारीखच होती. बाराही जणींना बुचं लावली आणि टब भरायला उठले, तोच आतून धप्प झालं. बाईसाहेब पडल्या होत्या. मग कसल्या पुतळ्या आणि कसलं काय! तशीच पायात चपला अडकवून रुग्णवाहिकेत बसले. नऊ दिवस बाकावर. परत आले ती बाईसाहेबांना पोचवूनच. बघते तर बाराही तशाच टॉवेलवर. मग धुतल्या. सगळ्यांची बुचं काढली आणि कपाटात ठेवल्या. रडत रडत धुतल्या."

भिंगबाईंनी ओट्यावरची बशी पुढे ओढली. "बूच कसं दाबता? या बशीवर दाबून दाखवा."

मावशींनी मेणाची गोळी बशीवर ठेवून अंगठ्यानं दाबली. भिंगबाईंनी डोळे मिटले आणि त्या मेणावरून बोट फिरवलं. तांदळाएवढी फोड. आणि फोडीवर एका शेजारी एक दोन छोट्या चंद्रकोरी.

"नख असं दुभंगलेलं कशानं?"

"दारात सापडलं होतं. पंधरा वर्षं झाली. तसंच येतं दरवेळी."

"आता शेवटचं. त्या नऊ दिवसांत घराची किल्ली कुणाकडे होती?"

"माझ्या कनवटीला. एकदाच दिली. तिसऱ्या दिवशी बाईसाहेबांचा चष्मा आणायला."

"कुणाला दिली?"

मावशींनी नाव सांगितलं नाही. आत्याच्या खोलीच्या दाराकडे नुसतं बघितलं.

५

चार वाजता सगळे पुन्हा टेबलाभोवती जमले. भाची पिशवी घेऊनच आली.

"आधी माझ्याबद्दल," भिंगबाई म्हणाल्या. आवाज कापत होता, तो त्यांनी कापू दिला. "मला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. आज मी बारा पुतळ्या लांबून मोजल्या आणि फसले. मावशी नसत्या तर नक्कल खोक्यात गेली असती. हे मी लपवत होते, आता लपवत नाही."

दुकानदाराच्या भुवया कपाळात गेल्या. "मग सोमवारीसुद्धा..."

"सोमवारी मी डोळ्यांवर विसंबले नव्हते. यादीचा शेवटचा रकाना वाचा."

त्यानं कागद उचलला. "'सुई: मोकळी.' सगळ्यांपुढे तेच लिहिलंय. म्हणजे काय?"

"डोळे दगा द्यायला लागल्यापासून मी प्रत्येकीच्या भोकात सुई घालून बघते. आत कुणी लांबीचा लगदा भरून दुरुस्ती केली असेल तर सुई अडते. हंसवालीतही सुई आत गेली. आज समोर आहे तिला भोकच नाही. म्हणजे सोमवारी खरी होती."

"तुमचा शब्द," भाची म्हणाली.

"माझा शब्द सोडून द्या. हिला विचारू." भिंगबाईंनी नक्कल उलटी करून टेबलावर ठेवली आणि शेजारी मेणाची बशी. "भोकाच्या जागी फोड आहे. माझं भिंग घ्या आणि दोन्हींवरच्या खुणा बघा."

भाच्यानं भिंग घेतलं. खूप वेळ बघितलं. "दोन चंद्रकोरी आहेत. दोन्हींवर सारख्याच."

"मावशींच्या अंगठ्याच्या. धुण्याआधी त्या भोकाला मेणाचं बूच लावतात आणि तासाभरात काढतात. तो तासभर त्या तिथून हलत नाहीत. नक्कल करणाऱ्यानं साचा घेतला तेव्हा बूच जागेवर होतं, म्हणून ते बूचही साच्यात उतरलं, नखासकट. आणि अठरा वर्षांत बूच एकदाच लावलेलं राहिलं, आत्या दवाखान्यात होत्या त्या नऊ दिवसांत."

खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं.

"त्या नऊ दिवसांत मावशी बाकावर होत्या. भाचा समुद्रात होता. मला कुणी ओळखतही नव्हतं. राहता राहिले दुकानदार. त्यांनी नक्कल केली असती तर पहिल्यांदा भोक पाडलं असतं. आजही हातात घेतल्या घेतल्या त्यांनी तळच बघितला की नाही? हे काम अशा माणसाचं आहे, ज्याला चिनी माती कळत नाही, पण माप घेता येतं. जसंच्या तसं, फोडीसकट. आणि ज्याला पांढऱ्याच्या दहा छटा नुसत्या नजरेनं वेगळ्या दिसतात." त्या भाचीकडे वळल्या. "नऊ दिवस या घरात पाऊल टाकलं नाही म्हणालात. मग चष्मा कुणी नेला हो?"

"दातांची डॉक्टर, कवळ्या बनवते म्हणून मी चोर?" भाची ओरडली. "या घरात मी वाढलेय!"

"तुम्ही काहीच घराबाहेर नेलं नाही अजून. ती पिशवी उघडा."

भाची हलली नाही. मग भाच्यानंच हळूच म्हटलं, "ताई."

तिनं गाठ सोडली. निळा गाउन बाहेर काढला, त्यात टॉवेल, टॉवेलात हंसवाली. मावशींनी दोन्ही हात पुढे केले. पुतळी गालाला लावली आणि डोळे मिटले.

"गार आहे," त्या म्हणाल्या.

६

भाची बोलायला लागली ती कुणाकडेच न बघता.

"तिसऱ्या दिवशी आत्यानं विचारलं, हंसवाली कुठाय. खरी कशी नेणार? तिथं नळ्या, यंत्रं, धावपळ, फुटली तर? म्हणून चष्म्याबरोबर तिला माझ्या दवाखान्यात नेलं, माप घेतलं, आणि आणून परत तुमच्या टॉवेलवर ठेवली. पाच दिवस एकही पेशंट बघितला नाही. दाताचंच अ‍ॅक्रिलिक, दाताचेच रंग. आठव्या दिवशी तिच्या हातात दिली. तिनं कुरवाळली, हंसाची चोच चाचपली. मग अंगठा खाली नेला आणि म्हणाली, 'मावशींना सांग, मेण काढायचं राहिलंय.' मला वाटलं भ्रमात बोलतेय. तेच शेवटचं. मी समोर उभी होते हो! मी केली होती ती! आणि तिला आठवण आली ती यांची."

मावशींचा हात हंसवालीवर तसाच थांबला.

"मग मृत्युपत्र निघालं. पहिली निवड यांची. सोमवारी यांनी नेमकं तिचंच नाव घेतलं. म्हटलं, आत्या तुमचीच झाली, आता हीही तुमचीच? नक्कल या पिशवीतच पडून होती. मंगळवारी येऊन बदलली. एवढंच."

"एवढंच?" मावशी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण भाचा दोन पावलं मागे सरकला. "चार माणसांत माझी खोली उघडायला सांगितलीत तुम्ही. अठरा वर्षांत बाईसाहेबांनी माझ्या पिशवीला कधी हात लावला नाही. हे मी विसरणार नाही, आणि माफ केलं असंही आज म्हणणार नाही."

भाचीनं मान खाली घातली.

मावशींनी नक्कल उचलली. उलटी करून त्या फोडीवर आपला दुभंगलेल्या नखाचा अंगठा टेकवला. बरोबर बसला.

"पण एक सांगते," त्या म्हणाल्या. "बाईसाहेबांचा हात माझ्यासारखाच होता. गार लागलं नाही, तेव्हा खोटं आहे हे त्यांना कळायलाच हवं होतं. पण अंगठ्याला मेण लागलं. माझं बूच. म्हणून त्यांना वाटलं हीच ती, टेबलावरून उचलून आणलेली. त्यांना ती खरी वाटली, पोरी. तू त्यांना हंसवाली नेऊन दिलीस, आणि त्या ती हातात घेऊन गेल्या." त्यांनी नक्कल भाचीच्या ओंजळीत ठेवली. "ही तुझी. ही माझी."

भाची तिथंच जमिनीवर बसली आणि लहान मुलीसारखी रडली. भाचाही रडत होता, आणि यावेळी कांदा नव्हता.

पाच वाजता गाडी आली. दुकानदारानं अकरा खोकी खाली नेली. शेवटचं खोकं उचलताना तो भिंगबाईंपाशी थांबला. "यादीतल्या किमती तशाच धरतो. पण बाई, डोळ्यांचं मी चार ठिकाणी बोलणार. माझाही धंदा आहे."

"बोला," भिंगबाई म्हणाल्या. त्यांनी यादीची घडी करून त्याच्या खोक्यावर ठेवली.

जिन्यात मावशी एका हातात रेडिओ आणि दुसऱ्या हातात टॉवेलात गुंडाळलेली हंसवाली घेऊन उतरत होत्या. भिंगबाई कठडा धरून, एकेक पायरी चाचपत मागून येत होत्या.

"मावशी, आता कुठं जाणार?"

"बहिणीकडे. मग बघू."

"सोमवारी माझं ऑपरेशन करून घेते. आता लपवायचं कुणापासून? पण शनिवारी एका घरी चाळीस नग बघायचेत, आणि माझ्याकडे डोळे नाहीत. तुमच्यासारखा हात तर कुणाकडेच नाही."

मावशी दोन पायऱ्या तशाच उतरल्या. मग थांबल्या, रेडिओ काखेत मारला आणि मोकळा हात मागे करून भिंगबाईंचं कोपर धरलं.

"इथं पायरी तुटलीय, बघून," त्या म्हणाल्या. "शनिवारी किती वाजता यायचं?"